आंबोलीच्या पावसात ६० एमएम की १०० एमएम मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स)?
दोन्ही लेन्स १:१ देतात, म्हणजे बेडकाचा डोळा सेन्सरवर खऱ्या आकारात. फरक अंतराचा. कॅननची ६० एमएम सेन्सरपासून २० सेंटिमीटरवर फोकस करते, १०० एमएम ३० वर. त्यातून लेन्स आणि कॅमेऱ्याची जाडी वजा करा. ६० समोर जेमतेम अर्धी वीत उरते. रात्री फांदीवर चापडा, म्हणजे विषारी साप, दिसला तर मी तरी ६० बाहेर काढणार नाही! १०० असली तरी सापापासून लांबच, १:१ चा हट्ट सोडून. ६० इतकी जवळ नेली की लेन्सचीच सावली पडते, ते वेगळंच. मुंग्या-कोळ्यांना ६० पुरते, हलकी आणि स्वस्तही.

फ्लॅश? रिंगचा, म्हणजे लेन्सभोवती बसणाऱ्या गोल फ्लॅशचा, उजेड सपाट, डोळ्यात गोल कडं उमटतं. ट्विनच (दोन बाजूंना दोन दिवे) घ्या, पण डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावून; ओल्या कातडीवर पांढरे डाग फार चटकन येतात.