सायकलची कार्बन फ्रेम स्वस्तात मिळतेय? आधी माझं ऐका

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सप्लायरकडून आलेला माल आत घ्यायचा की गेटवरूनच परत पाठवायचा, हे ठरवणं माझं काम. अठरा वर्षं झाली. टीसीवरचा, म्हणजे मालासोबतच्या तपासणी-दाखल्यावरचा, हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक) आणि मालावरचा नंबर जुळला नाही, तर अख्ख्या लॉटला लाल टॅग लागतो. मग समोरचा कितीही म्हणो, ‘साहेब, या खेपेला सांभाळून घ्या’. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘बिचाऱ्याला कळत नव्हतं म्हणून फसला’ असं कुणाला वाटायला नको. मला कळत होतं. तरी फसलो.

माझ्याकडे २९ इंची चाकांची अल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल, होती. रविवारी पहाटे वेताळ टेकडी, कधी बाणेरची टेकडी, सुट्टी जोडून आली तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. सायकलीची काही तक्रार नव्हती. पण ग्रुपमधल्या एकाने कार्बनची घेतली आणि चहाच्या टपरीवर ती एका बोटावर उचलून दाखवली. झालं. पोटावरचे सहा किलो तसेच ठेवून सायकलचे सहाशे ग्रॅम उतरवायचा ध्यास माणसाला लागतो तो असा.

नावाजलेल्या कंपनीची नुसती कार्बन फ्रेम घ्यायची म्हटलं तर आकडा लाखाच्या वरच. मग कुणीतरी सांगतंच, ‘अरे, त्या सगळ्या चीन-तैवानमध्येच बनतात. तीच फ्रेम बिननावाची घे, पाव किमतीत.’ यातलं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. दुसरं त्याच्या पाठीवर बसून आत येतं. पूर्वी लोक असल्या फ्रेम अलीएक्सप्रेस या चिनी ऑनलाइन दुकानातून मागवायचे. निदान पैसे मध्ये अडकून राहायचे, माल हातात आला नाही तर भांडायला जागा होती. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ४३ ॲप बंद केली, त्यात तेही गेलं. उरलं काय, तर कुणाच्या तरी ओळखीने मिळालेला ८६ ने सुरू होणारा, म्हणजे चीनचा, व्हॉट्सॲप नंबर.

तिकडून बोलणारी बाई (बाईच असेल असं धरून चालू) दर वाक्याला मला ‘डिअर’ म्हणायची. आयुष्यात इतक्या वेळा मला कुणी डिअर म्हटलेलं नाही, घरी तर नाहीच. फ्रेम ३९५ डॉलर, भाडं ९० डॉलर. वजन १,१५० ग्रॅम, पन्नास इकडे-तिकडे. टी-८०० कार्बन. दोन वर्षांची वॉरंटी. आणि एक पीडीएफ: आयएसओ ४२१० (सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) चा टेस्ट रिपोर्ट, प्रयोगशाळेच्या शिक्क्यासकट.

‘टी-८००’ हा काय प्रकार आहे तेवढं सांगतो, कारण फसवणुकीचा अर्धा डोलारा त्यावरच उभा असतो. हे तोरे या जपानी कंपनीच्या धाग्याच्या प्रतींचे क्रमांक. टी-७०० धाग्याची ताणशक्ती ४,९०० मेगापास्कल, टी-८०० ची त्याहून जास्त. पण ही ताकद नुसत्या धाग्याची. फ्रेम म्हणजे त्या धाग्याचे रेझिनमध्ये, म्हणजे चिकट राळेत, भिजवलेले तुकडे, वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचून, साच्यात दाबून, तापवून घट्ट केलेले. कुठे किती थर, कोणत्या कोनात, आतून दाब नीट पोचला की नाही, यावर सगळं अवलंबून. उत्तम बासमती घेतला म्हणून बिर्याणी जमतेच असं नाही, तसं. शिवाय फ्रेम एकदा बनली की आतला धागा कोणता हे बघून सांगता येत नाही. वरून दिसणारी ती चटईसारखी वीण तर बहुतेक वेळा शोभेचाच थर असतो. आणि साचा कारखान्याच्या मालकीचा, म्हणजे जो पैसे देईल त्याला त्यातून फ्रेम काढून मिळते. बाहेरून दोन फ्रेम जुळ्या बहिणी दिसल्या, तरी आतले थर सारखे आहेत याची हमी कुणी द्यायची?

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पीडीएफ उघडली, शिक्का पाहिला, ‘पास’ पाहिलं आणि बंद केली. कारखान्यात कुणी असा टीसी पाहिला असता तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं.

पैसे देताना दुसरी चूक. पेपालने द्या म्हणाली, पण ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ प्रकारात. नाहीतर साडेचार टक्के फी तुमच्या डोक्यावर. भारतातून तसे पाठवता येत नाहीत. इथे तरी थांबायला हवं होतं. मी काय केलं, तर न्यू जर्सीला ताईकडे फोन लावला. दाजी सरळ माणूस. ‘एवढंच ना? पाठवतो,’ म्हणाले. विचारलंसुद्धा, ‘हे तर कुणा माणसाच्या नावावर जातायत, कंपनीच्या नाही. चालतंय ना?’ मी म्हणालो, ‘चालतं दाजी, तिकडे असंच असतं.’ तिकडे कसं असतं हे मला काय ठाऊक! मित्र-नातेवाइकांना पाठवलेल्या पैशांना पेपालचं खरेदीदार-संरक्षण लागू होत नाही. बावीस डॉलर वाचवायला मी ४८५ डॉलरचं कुलूप काढून ठेवलं.

सहा आठवड्यांनी कुरिअरचा मेल: केवायसी द्या, माल कस्टममध्ये आहे. खोक्यावर लिहिलं होतं ‘गिफ्ट, सायकल पार्ट, ६५ डॉलर’. तिने आपल्या बुद्धीने माझ्यावर केलेला उपकार. पोस्टाने-कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या मालाची सवलत आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. अपवाद फक्त जीवनरक्षक औषधांचा आणि राखीचा. फ्रेमची राखी कशी करणार? पैसे दिल्याचा पुरावा मागितला, दाजींचा स्क्रीनशॉट दिला, तो ४८५ चा. बिल ६५ चं. किंमत कुणीही खोटी लिहो, माल सोडवणारा मी, म्हणून जाब मलाच. ड्युटी, दंड, क्लिअरिंग मिळून २१,३०० रुपये गेले. फ्रेम घरात येईपर्यंत खर्च ६१ हजारांवर.

खोकं उघडलं त्या संध्याकाळचं खरं सांगतो, फार सुंदर दिसत होती. काळी, मॅट, एक डाग नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: १,३८५ ग्रॅम. बायको म्हणाली, ‘काटा बरोबर आहे, कालच रवा मोजलाय.’ मी म्हणालो, रंगाचं वजन असेल. दोनशे पस्तीस ग्रॅम रंग!

मग व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) काढलं. बॉटम ब्रॅकेट (बीबी) म्हणजे पॅडलचा आस ज्यात फिरतो तो भाग; त्याचं फ्रेममधलं भोक ४१ मिमी हवं, बेअरिंगचे कप त्यात दाबून बसतात. उभं माप ४१.०२. आडवं ४१.२१. म्हणजे अंडाकृती. आमच्याकडे हा भाग गेजच्या पहिल्या फटक्यात बाद झाला असता. आणि घरी? घरी मी व्हर्निअर पुसून ठेवलं आणि स्वतःशी म्हणालो, कार्बन आहे, दाबून बसेल. एकसष्ट हजार रुपये माणसाची नजर किती अधू करतात, ते त्या दिवशी कळलं.

मेकॅनिकने मात्र तोंडावर सांगितलं. हेडट्यूबपासून (हँडलखालची नळी) मागच्या दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत (चाक अडकतं त्या खाचा) दोरा ताणला, सीटट्यूबपासून (सीटखालची नळी) दोन्हीकडचं अंतर मोजलं आणि म्हणाला, ‘सर, ही वाकडी आलीय. चाक डावीकडे चार मिमी जाणार.’ मी म्हणालो चाकात दोष असेल. त्याने दुसऱ्या सायकलचं चाक लावून दाखवलं. तेही तेवढंच डावीकडे. ‘अजून परत पाठवा,’ म्हणाला. मी पाठवली नाही. तिला फोटो पाठवले, तिचं उत्तर आलं, ‘डिअर, धिस इज नॉर्मल.’

जानेवारीअखेर सायकल रस्त्यावर आली. मार्चमध्ये कुरकुर सुरू झाली, प्रत्येक पॅडलला एक, डाव्या पायाला. बीबीचा आवाज समजून बीबी बदललं. पुन्हा आवाज. पुन्हा बदललं, या वेळी कप चिकटवून बसवले. आवाज दहा दिवस गेला आणि परत आला. एप्रिलमध्ये एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वेताळ टेकडीवर चढून खाणीकडे उतरत होतो. वेग काही नाही, मुरूम घसरतो म्हणून ब्रेक धरूनच होतो. खालून ‘टक्’ असा एक कोरडा आवाज आला आणि मागची बाजू पायाखाली सैल वाटायला लागली, चपलेचा अंगठा तुटल्यावर वाटते तशी. उतरलो. डाव्या चेनस्टेवर (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी), बीबीपासून चार बोटांवर, रंगात केसाएवढी रेघ. रेघ दाबली की उघडत होती. पडलो नाही, हे नशीब. सायकल खांद्यावर घेऊन खाली आलो. तेव्हा मात्र हलकी लागली.

घरी रेघेच्या आजूबाजूला नाण्याने ठोकून पाहिलं. उजव्या बाजूला टणटण, डाव्या बाजूला थप थप, ओल्या भिंतीसारखं. रंग खरवडला तर खाली पांढरी लांबी (पुट्टी), गाडीच्या पोचाला लावतात तशी, दीड-दोन इंच लांब. कारखान्यातून बोरोस्कोप (नळीत घालून आतलं बघायचा कॅमेरा) आणून बीबीच्या भोकातून आत पाहिलं. साच्यात आतून दाब द्यायला वापरतात त्या प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे आत होते. त्याने घाबरू नका, चांगल्या फ्रेममध्येही ते राहून जातात. घाबरायचं ते सुरकुत्यांना. चेनस्टेच्या वळणावर थर दुमडून चुणी पडली होती आणि बाजूला नुसतं रेझिन साचलं होतं. त्या खड्ड्यावर बाहेरून लांबी भरून, घासून, मॅट काळा रंग. म्हणजे कुणीतरी तो दोष पाहिला होता. पाहून झाकला होता. माझा राग इथे आहे. माल खराब निघतो, रोज निघतो, माझी नोकरीच त्यावर चालते. पण झाकायला वेगळे हात लागतात.

त्या रात्री मी ती पीडीएफ पहिल्यांदा वाचली. तपासलेल्या नमुन्याचा मॉडेल नंबर वेगळाच. वर्ग: रेसिंग, म्हणजे रस्त्यावरची सायकल, माउंटन नव्हेच. फोटोतल्या फ्रेमला रिम ब्रेकची भोकं, माझी डिस्क ब्रेकची. आणि तळाला बारीक अक्षरात, हा निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता. रिपोर्ट नंबर पाठवून प्रयोगशाळेकडेच विचारता येतं की हा तुमचा आहे का, कशाचा आहे. एका मेलचं काम. आयएसओ ४२१० मध्ये फ्रेमला पॅडलच्या दाबाचे एक लाख फेरे सोसावे लागतात. माझी सातशे किलोमीटरही नीट चालली नाही.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो, त्यात रस नाही. आधी ‘फक्त रंगाला तडा’. मग ‘तुम्ही फार जोरात चालवता’. मग वॉरंटी मान्य, पण फ्रेम तुमच्या खर्चाने चीनला पाठवा. भाडं अकरा हजार. शेवटी ‘पुढच्या फ्रेमवर तीस टक्के सूट, डिअर’. पेपालच्या तक्रारीचे १८० दिवस संपायला अजून तीन आठवडे होते, पण आमचा व्यवहार तर नातेवाइकांतला! दाजींना सगळं सांगावं लागलं, ते सर्वांत जड गेलं. ते काही बोलले नाहीत. ताई बोलली. महिन्याभरात त्या नंबरवरचा फोटो बदलला, नाव बदललं, आणि मला एका नव्या मुलीचा मेसेज आला: ‘हॅलो डिअर, कार्बन फ्रेम?’

चीनचा माल म्हणजे कचरा, असं मी म्हणत नाही. तिथल्या काही कंपन्या स्वतःचं नाव फ्रेमवर घालून थेट विकतात, वॉरंटी पाळतात. आमच्यातलाच एक तसली चार वर्षं चालवतोय. घ्यायचीच असेल तर नाववाल्याकडून घ्या, कार्डाने किंवा पेपालच्या खरेदी प्रकारातूनच पैसे द्या, खोक्यावर खरी किंमत लिहायला लावा, शक्य असेल तर बीबी आट्यांचं (दाबून नव्हे, फिरवून बसणारं) मागा. आणि घरी आल्यावर आधी दोरा लावा, नाणं वाजवा, वजन करा. एक जरी गोष्ट चुकली तरी पार्ट चढवू नका. एकदा बेअरिंग ठोकलं की ‘तुम्हीच बिघडवली’ म्हणायला ते मोकळे.

फ्रेम मी शेवटी कापली. मास्क लावून, पाणी मारत, कारण ती धूळ फुप्फुसात जायला नको. दोन्ही चेनस्टेचे एकाच जागचे तुकडे काढून मोजले: उजवीची जाडी १.९ मिमी, डावीची १.१, चुणीपाशी त्याहून कमी. तो डावा तुकडा आता कारखान्यात रिजेक्शनच्या रॅकवर, शिकाऊ पोरांना दाखवायला ठेवलाय. रॅकवर बिनटॅगची वस्तू ठेवायची नाही हा माझाच नियम, म्हणून लाल टॅग भरायला घेतला. दोष: थराला सुरकुती, लांबी भरून लपवलेली. संख्या: १. तपासणारा: माझी सही. सप्लायरचं नाव, तिथे पेन थांबलं. शेजारी उभा असलेला ट्रेनी म्हणाला, ‘सर, हा रकाना रिकामा सोडून चालत नाही.’