गोव्यातली पहिली दुर्बीण: ७० मिमी भिंगाची की १३० मिमी आरशाची?

पहिली दुर्बीण घेताना निवड बहुधा दोघींत होते. एक तिपाईवरची भिंगाची, ७०/७००. दुसरी टेबलावर ठेवायची आरशाची डॉब्सोनियन (वर-खाली आणि गोल फिरणाऱ्या साध्या पायावरची), १३०/६५०. पहिला आकडा भिंगाचा किंवा आरशाचा व्यास, दुसरा नाभीय अंतर (भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं), दोन्ही मिलिमीटरमध्ये. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: अंगण किंवा मोकळी गच्ची असेल तर १३०, फ्लॅटच्या गॅलरीतूनच बघायचं असेल तर ७०. खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेली दुर्बीण मात्र कुठेच घेऊ नका. उपयोगी विवर्धनाची मर्यादा व्यासाच्या साधारण दुप्पट असते, म्हणजे ७० मिमीला १४० पट. त्यापुढे चित्र फक्त मोठं आणि धूसर होतं.

दिसण्यात फरक किती? १३० मिमीचा आरसा ७० मिमीच्या भिंगापेक्षा जवळपास साडेतीन पट प्रकाश गोळा करतो. चंद्राची विवरं, गुरूचे चार उपग्रह आणि शनीची कडी दोन्हींत दिसतात. खरा फरक पडतो तो अंधुक गोष्टींत. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ गोव्यातून दक्षिण क्षितिजावर सुमारे २७ अंश चढतो. एप्रिलअखेर मध्यरात्रीच्या सुमारास आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो. ७० मिमीत तो कापसासारखा गोळा दिसतो. १३० मिमीत, सांगे किंवा काणकोणच्या अंधाऱ्या भागातून, त्याच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतात. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांना हा गुच्छ घरून दिसतच नाही. आपल्याला तो मिळतो, म्हणून आमचा कल मोठ्या व्यासाकडे. पण कळंगुटच्या झगमगाटातून बघणार असाल तर हा फायदा बराच कमी होतो. तिथे चंद्र, ग्रह आणि जोडतारे बघावेत, आणि त्यासाठी ७० मिमी पुरते.

ठेवायची जागा हा दुसरा प्रश्न. टेबलावरची डॉब्सोनियन प्लास्टिकच्या टेबलावर थरथरते. अंगणातला चिऱ्यांचा ओटा मात्र तिला उत्तम. गॅलरीत तिच्या आड कठडा येतो, तिथे तिपाईवरची दुर्बीण कठड्याच्या वर उचलता येते. ७०ची कमजोरी तिची तिपाई. पाय पूर्ण लांब न करता खुर्चीवर बसून बघा आणि तिपाईच्या मधल्या ट्रेखाली दोन-तीन किलो वाळूची पिशवी टांगा. नळीला हलकी टिचकी मारल्यावर चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर व्हायला हवं.

दुकानदार इक्वेटोरियल माउंट, म्हणजे एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखून वापरायची बैठक, सुचवेल. नवख्याने गोव्यात तो टाळावा. आपण साधारण १५ अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे ध्रुवतारा तेवढाच वर, बहुतेक वेळा माडांच्या आड असतो. शिवाय अनेक स्वस्त माउंट इतके खाली झुकवले की वजनाची दांडी तिपाईच्या पायाला अडते.

आता दमट हवा. दुर्बीण एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणली की भिंगावर, आरशावर वाफ धरते. पुसू नका, तोंड खाली करून अर्धा तास थांबा. ७० मिमीच्या भिंगावर रात्री दव लवकर बसतं, कारण ते नळीच्या टोकाला उघडं असतं. योगा मॅटचा तुकडा गुंडाळून पुढे १०-१४ सेंमीची नळी केली की बराच वेळ मिळतो. आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे त्याला हा त्रास कमी. पण डॉब्सोनियनचा पाया बहुधा पार्टिकल बोर्डाचा असतो आणि त्याच्या उघड्या कडा ओल शोषून फुगतात. पहिल्याच आठवड्यात कडांना वॉर्निश लावा.

जून ते सप्टेंबर दुर्बीण जवळपास बंदच असते, आणि बुरशी लागते ती याच काळात. कापडी पिशवी नको. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावा. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरावेत. १३० मिमीची नळी डब्यात मावत नसेल तर आयपीस (डोळा लावायची छोटी भिंगं) तरी डब्यात ठेवा आणि नळीच्या दोन्ही तोंडांना झाकणं लावून आत जेलची पुडी टाका. आरसा काढून डिस्टिल्ड वॉटरने धुता येतो, गरज पडली तर त्यावर पुन्हा अॅल्युमिनियमचा थरही चढवता येतो. ७०च्या जोडभिंगाच्या मध्ये बुरशी गेली तर घरी काही करता येत नाही. भिंगं सुटी केली की पुन्हा नेमकी बसवणं कठीण.

आरशाच्या दुर्बिणीला कोलिमेशन लागतं, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं. स्कूटरवरून वाळपईला नेली तर पोचल्यावर तपासावंच लागतं. तेजस्वी तारा मध्यावर आणून फोकस थोडा बिघडवा: मधला काळा ठिपका वर्तुळांच्या केंद्रात हवा. एका बाजूला सरकला असेल तर तळाच्या आरशाचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून बघा. ७० मिमीला सहसा हे करावं लागत नाही.

१३०/६५० घेताना आरसा पॅराबोलिक (साध्या गोलीय नव्हे, अन्वस्त वक्रतेचा) असल्याची खात्री करा. दोन्हींत आयपीस सव्वा इंच व्यासाचे हवेत. २५ आणि १० मिमी नाभीय अंतराचे पुरतात: १३०मध्ये २६ आणि ६५ पट, ७०मध्ये २८ आणि ७० पट. ग्रहांसाठी विवर्धन दुप्पट करणारी बार्लो लेन्स नंतर घेता येईल. खोक्यात आयपीसला लावायचा काळा सूर्य-फिल्टर निघाला तर फेकून द्या. तो उष्णतेने तडकतो आणि डोळा कायमचा जातो. सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण व्यासाला घट्ट बसणारा फिल्टरच हवा.