आयटी शेअरचा पीई: मागच्या कमाईवर की पुढच्या अंदाजावर?

आयटी कंपनीचा शेअर महाग की स्वस्त हे बघायला पीई (भाव हा एका शेअरमागच्या कमाईच्या किती पट आहे तो आकडा) दोन तऱ्हांनी काढता येतो: मागच्या चार तिमाहींच्या कमाईवर, नाहीतर पुढच्या वर्षाच्या अंदाजित ईपीएसवर, म्हणजे एका शेअरमागच्या कमाईवर. मी दोन्ही वापरलेत. अंदाजांवर तर तीनेक वर्षं काढली.

अंदाजवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. शेअर घेतो तो पुढच्या नफ्यासाठीच. कंपनी वर्षाला 25-30 टक्क्यांनी वाढत असेल तर मागचा पीई उगाच घाबरवतो आणि चांगला शेअर हातचा जातो.

अंदाजांवरून माझं मन उडालं ते एका मिडकॅप (मध्यम आकाराच्या) कंपनीत. भाव 900, ॲपवर पुढच्या वर्षाचा ईपीएस 36, म्हणजे 25 पट. मागच्या 28 रुपयांच्या कमाईवर तोच शेअर 32 पट होता, पण तिकडे मी बघितलंच नाही. पुढे निकालागणिक अंदाज 33 झाला, मग 30. भाव 750 वर उतरला तेव्हाही ॲप 25 पटच दाखवत होतं! अंदाज घटवल्याची खूण कुठेच नाही, जुना आकडा पुसून नवा बसवलेला. तो 36 मी वहीत टिपून ठेवला होता म्हणून कळलं. त्यात मार्च संपला की काही ठिकाणी अंदाजाचं वर्ष पुढे सरकतं आणि शेअर रातोरात स्वस्त दिसू लागतो.

कंपन्यांनाही पुढचं नेमकं दिसत नाही. इन्फोसिसने एप्रिल 2023 मध्ये वर्षाच्या महसूलवाढीचा अंदाज 4 ते 7 टक्के दिला, जुलैत तो 1 ते 3.5 वर आणला आणि वर्षअखेर स्थिर चलनात (विनिमय दरातले चढउतार वगळून) वाढ निघाली 1.4 टक्के. टीसीएस तर असा अंदाज देतच नाही. मग बाहेरच्या विश्लेषकाच्या ईपीएसवर किती भिस्त ठेवायची?

मागची कमाईही डोळे झाकून घेऊ नये. जानेवारी-मार्च 2024 मध्ये इन्फोसिसचा नफा प्राप्तिकर परताव्यावरच्या व्याजाने फुगला होता. अशी एकदाच येणारी रक्कम वजा करावी लागते. पण ती निकालाच्या टिपांमध्ये छापलेली असते, आपली आपण काढता येते. अंदाजातली हवा तशी काढता येत नाही.

तुमची कंपनी लहान आणि वेगात असेल तर कदाचित अंदाजाला पर्याय नसेल. तेव्हा निदान तो तारखेसह लिहून ठेवा. टीसीएस, विप्रोसारख्या स्थिरावलेल्या कंपन्यांना मात्र मी आता मागचाच पीई लावतो आणि त्याच कंपनीच्या गेल्या 10 वर्षांच्या पीईशी ताडून बघतो.