केबलवर 'कॅट ६' छापलेले होते

आमच्या कार्यालयात ४० संगणक आहेत. सर्व्हरवरून मोठी फाइल उतरवताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जाईना, म्हणून मी नेटवर्कचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराला बोलावले. पाहणी करून त्याने सांगितले की जुनी 'कॅट ५ई' केबल निकामी झाली आहे, सगळीकडे तिच्या वरच्या श्रेणीची नवी 'कॅट ६' केबल टाकावी लागेल, सोबत गिगाबिट (१००० मेगाबिट) स्विच, म्हणजे सगळे संगणक एकमेकांना जोडणारी पेटी, बसवावा लागेल, आणि जुनी केबल तो विनामूल्य काढून नेईल. त्या सवलतीबद्दल मी त्याचे आभार मानले होते.

सेकंदाला ११-१२ मेगाबाइट ही १०० मेगाबिटच्या जोडणीची मर्यादा असते (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट) आणि आमचा जुना स्विच तेवढ्याच क्षमतेचा होता, हे मला फार उशिरा कळले. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग वाहून नेते. नवा स्विच जुन्याच केबलला जोडून दोन संगणकांत एक फाइल पाठवून पाहिली असती, तर तासाभरात उलगडा झाला असता.

काम संपल्यावर त्याने प्रत्येक टोकाला टेस्टर लावून आठही दिवे लागलेले दाखवले आणि मी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली. जवळच्या टेबलांवर वेग खरोखरच वाढला होता, त्यामुळे शंका आली नाही. दोन महिन्यांत मात्र लांबच्या खोल्यांतून तक्रारी सुरू झाल्या: जोडणी पुन्हा १०० मेगाबिटवर घसरे, आणि केबलमधूनच वीज घेणारे फोन मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत. दुसऱ्या तंत्रज्ञाने स्विचवरील नोंदी पाहिल्या, तेव्हा त्या खोल्यांच्या केबल जिथे जोडल्या होत्या त्या पोर्टांवर माहिती पोहोचण्यातील चुकांची संख्या तासागणिक वाढत होती. मग त्याने केबलचा एक तुकडा कापून तार ब्लेडने खरवडली. तांबूस मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम होते. अशा तारेचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि कॅट ६च्या मानकात ती बसतच नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो. टेस्टरचे दिवे तार जुळल्याचे सांगतात, वेगाबद्दल काहीही सांगत नाहीत.

ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे, त्यांनी मागणीपत्रात 'शुद्ध तांब्याची केबल' असे शब्द लिहून घ्यावेत, पहिल्या खोक्यातली तार स्वतः खरवडून पाहावी, आणि केबल मानकात बसते का हे मोजणाऱ्या सर्टिफिकेशन यंत्राने काढलेला प्रत्येक जोडणीचा अहवाल हाती येईपर्यंत अखेरचा हप्ता रोखून धरावा. जुनी केबल तर तोपर्यंत कोणालाही नेऊ देऊ नये. आमची अस्सल तांब्याची होती आणि तिला भंगारातही चांगला भाव असतो.

कंत्राटदार आता माझ्या सहीचा कागद पुढे करतो. लांबच्या खोल्यांतील १२ जोडण्या आम्ही पुन्हा टाकून घेत आहोत, आणि त्याने बसवलेल्या केबलचा खरवडलेला तुकडा तक्रारीच्या फाइलला जोडून ठेवला आहे.