जुनं मैदान, मोठी स्पर्धा: टी मागे न्यायचा, झाडं काढायची की वाळू परत आणायची?

शंभर वर्षांचं गोल्फ मैदान मोठ्या स्पर्धेसाठी सज्ज करायचं म्हटलं की समितीच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, 'टी मागे घेऊ.' टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा. नकाशावर रेघ वाढवायला काय लागतं? प्रत्यक्षात तिथेच सगळ्यांत जास्त पैसा जातो आणि खेळात फरक पडेलच याची खात्री नसते. अमेरिकेतल्या तीन नावाजलेल्या मैदानांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या. आपल्या क्लबला यातली कुठली झेपेल, हे ठरवायला ती उदाहरणं पुरेशी आहेत.

ऑगस्टा नॅशनल: अंतर

1997 साली टायगर वुड्सने 270 फटक्यांत, 12 फटक्यांच्या फरकाने तिथली मास्टर्स स्पर्धा जिंकली. 2002 च्या स्पर्धेआधी ऑगस्टाने नऊ होलं (टीपासून खळग्यापर्यंतचे खेळाचे पट्टे) बदलून 285 यार्ड वाढवले, लांबी 7,270 झाली. 2006 मध्ये ती 7,445 वर गेली. 13व्या होलचा टी मागे नेता यावा म्हणून 2017 मध्ये शेजारच्या क्लबची जमीन विकत घेतली, आणि 2023 मध्ये ते होल 510 वरून 545 यार्डांचं झालं. म्हणजे 35 यार्डांसाठी जमीनखरेदी.

तरी 13व्यावर हा खर्च पटतो. हे होल डावीकडे वळतं आणि ग्रीनच्या, म्हणजे खळगा असलेल्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, पुढ्यात ओढा आहे. लांब मारणारे खेळाडू वळणाचा कोपरा कापून दुसरा फटका छोट्या आयर्नने (जवळच्या फटक्याच्या काठीने) मारायला लागले होते, त्यामुळे 'ओढा ओलांडू की अलीकडे थांबू' हा प्रश्नच उरला नव्हता. टी मागे गेल्यावर तो परत आला. सरळसोट पार-4 होलवर (जिथे चार फटके अपेक्षित; हा अपेक्षित आकडा म्हणजे पार) तेवढेच यार्ड वाढवले, तर फक्त हातातली काठी बदलते.

उलट अमेरिकेतल्याच मेरियन मैदानाचं पाहा. 2013 च्या यूएस ओपनला ते जेमतेम 6,996 यार्डांचं होतं, आणि जस्टिन रोज जिंकला तो पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन. शिवाय डिसेंबर 2023 मध्ये जाहीर झालेल्या चेंडूच्या नव्या चाचणीमुळे सर्वांत लांब मारणाऱ्यांचे 13 ते 15 यार्ड कमी होतील असा नियामक संस्थांचा अंदाज आहे. तेवढ्याच अंतरासाठी आज टी बांधायला निघालेल्या समितीने हा आकडा समोर ठेवावा.

टी मागे नेला की मागून बरंच काही येतं. आधीच्या ग्रीनपासून उलटं चालावं लागतं, फेअरवेवरचे (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावरचे) बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, चुकीच्या अंतरावर पडतात, आणि शेजारचं होल नव्या टीच्या माऱ्यात येतं. हा तिसरा त्रास नकाशावर दिसत नाही. टीच्या जागी उभं राहून चुकलेल्या फटक्याची दिशा पाहिली तरच कळतो.

ओकमाँट: झाडं आणि ग्रीनची कड

हेन्री फाउन्सने 1903 मध्ये आखलेलं ओकमाँट मुळात उघडं मैदान होतं. 1960 च्या दशकात तिथे झाडं लावली गेली आणि 1990 च्या दशकात ती काढायला सुरुवात झाली. सुरुवातीला हे काम भल्या पहाटे, सभासद यायच्या आत उरकलं जाई. (यावरून सभासदांच्या बैठकीत काय ऐकावं लागेल याची कल्पना यावी.) पुढे हजारो झाडं गेली. 2023 मध्ये मैदानरचनाकार गिल हॅन्सने नूतनीकरण करताना ग्रीन्सचं क्षेत्रफळ सुमारे 24,000 चौरस फूट वाढवलं. 2025 च्या यूएस ओपनमध्ये 7,372 यार्डांच्या या मैदानावर एकटा जे. जे. स्पॉन पारच्या आत राहिला, तोही एकाच फटक्याने.

झाडांचा मुद्दा नुसता देखाव्याचा नाही. ग्रीनला सकाळचं ऊन हवं. पूर्वेकडची दाट रांग दव उशिरापर्यंत धरून ठेवते, हवा अडवते, बुरशी वाढवते, आणि मुळं ग्रीनखालचं पाणी पितात. म्हणून आधी हिवाळ्यातल्या सूर्याच्या कोनानुसार सावलीचा नकाशा काढा, मग झाडं निवडा. बुंधा जमिनीत तसाच ठेवला तर काही वर्षांनी तो कुजतो आणि वरची माती खचते. दोन होलांमधली रांग काढताना भरकटलेल्या चेंडूंचा विचार वेगळा करावा लागतो. महाराष्ट्रात शहरी हद्दीत 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, तेव्हा पहाटेच्या करवतीचा मार्ग इथे बंद आहे.

आमच्या मते खरा फायदा ग्रीनच्या कडेत आहे. जुनी ग्रीन्स आपोआप आक्रसतात. कापणारा माणूस कड खरवडू नये म्हणून प्रत्येक फेरीत बोटभर आत वळतो, आणि काही दशकांत ग्रीनचे कोपरे कॉलरमध्ये, म्हणजे भोवतीच्या जरा उंच गवताच्या पट्ट्यात, जातात. बंकरमधून उडालेली वाळू कडेवर साचून उंचवटा तयार होतो, तो वेगळा. नेमके हे हरवलेले कोपरेच पिन (खळग्यातली झेंडी) लावायला अवघड, चांगल्या जागा असतात.

ग्रीन्स वेगवान झाल्याने प्रश्न आणखी चिघळतो. स्टिम्पमीटरवर (चेंडू किती फूट घरंगळतो ते मोजणाऱ्या साधनावर) 8 फूट वेग असताना जो उतार चालायचा, तो 13 फुटांवर चेंडू थांबूच देत नाही. मोठ्या स्पर्धेच्या वेगाला पिनभोवतीचा उतार ढोबळमानाने 2 टक्क्यांच्या आसपास हवा. मग पर्याय दोन: उतार कमी करा किंवा ग्रीन वाढवा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर 11व्या ग्रीनच्या मागच्या डाव्या भागाचा उतार कमी केला, त्यावर मोठा वाद झाला. मोडलेला उतार परत आणणं अवघड, वाढवलेली कड मात्र कधीही मागे घेता येते.

कड शोधायची रीत साधी आहे. कॉलरमध्ये दर मीटरला माती काढायच्या नळीने नमुना घ्या. जुन्या ग्रीनखाली वर्षानुवर्षांच्या वाळूचे थर दिसतात, ते जिथे संपतात तिथे झेंडी रोवा. मग कापणीची उंची एकदम न आणता आठवड्या-आठवड्याने खाली न्या. घाई केली की गवताचं खोड उघडं पडतं आणि पट्टा करपतो. कॉलरचं गवत वेगळ्या जातीचं असेल, तर मात्र तो पट्टा उचलून ग्रीनच्याच जातीचं गवत लावावं लागतं.

पाइनहर्स्ट नंबर 2: मूळपदावर

डोनाल्ड रॉसने आखलेल्या या मैदानावर रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी 2010-11 मध्ये, पूर्वी लावलेल्या रफचं (फेअरवेबाहेरच्या उंच गवताच्या भागाचं) सुमारे 35 एकर गवत काढून वाळू आणि वायरग्रास (तिथलं रानगवत) परत आणलं. आधार होता 1943 च्या हवाई छायाचित्रांचा, आणि फेअरवेच्या मधून गेलेल्या जुन्या पाइपलाइनचा. पाणी जिथवर पोचायचं तिथवरच फेअरवे. तुषार नळ साधारण 1,150 वरून 450 वर आले. फेअरवे रुंद झाले, तरी 2014 च्या यूएस ओपनमध्ये विजेता मार्टिन कायमर सोडला तर पारच्या आत फक्त दोघेच होते. तिथली ग्रीन्स कासवाच्या पाठीसारखी आहेत, त्यामुळे चुकीच्या बाजूने आलेला चेंडू घरंगळून खाली जातो. फेअरवे रुंद असला की योग्य बाजू निवडण्याची जबाबदारी खेळाडूवर येते.

त्या स्पर्धेनंतर तिथल्या ग्रीन्सवर बेंटग्रास काढून उष्ण हवेत टिकणारी बर्म्युडाची जात लावली. म्हणजे मूळपदावर आणणं म्हणजे जुनं सगळं जसंच्या तसं नव्हे.

आता निवड. पैसा कमी असेल तर ग्रीनची कड आणि सावली, एवढंच आधी करा. पाण्याचं बिल आणि रफची देखभाल डोईजड झाली असेल, तर पाइनहर्स्टचा रस्ता. एखाद्या होलवरचा निर्णयच मेला असेल, तर तेवढ्याच होलचा टी मागे घ्या. चौथी वाट उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरशची आहे. 2019 च्या ब्रिटिश ओपनसाठी त्यांनी शेजारच्या व्हॅली कोर्सच्या जमिनीवर दोन नवी होलं बांधली आणि जुन्या 17 व 18 ची सपाट जागा प्रेक्षकांच्या सोयींना दिली. बाजूला दुसरा कोर्स असेल तरच हिचा विचार करा.

पाइनहर्स्टची नक्कल करण्याआधी माती तपासा. तिथे खोलवर वाळूच आहे, पाणी झिरपून जातं. दख्खनच्या काळ्या मातीत उघडी वाळू पसरली तर पहिल्या दोन पावसांत ती चिखलात मिसळते, आणि गवताची मुळं नसल्याने उतारावर घळी पडतात. तिथे रफ काढण्याऐवजी गवत विरळ आणि उंच राहू देणं, आणि नळांची बाहेरची रांग बंद करून एक पूर्ण उन्हाळा पाहणं, हे आधी करावं.