योजनेच्या रुग्णालयात रोख पैसे मागितले तर: सही करण्याआधी हे वाचा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, हे आता बहुतेकांना ठाऊक झालंय. 1 जुलै 2024 पासून पिवळं-केशरीच काय, पांढरं रेशन कार्डही चालतं. तरी पॅनलवरच्या, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, खासगी रुग्णालयातून हजारो रुपये रोख मोजून बाहेर पडणारे रुग्ण कमी झालेले नाहीत. आणि पैसे जातात ते बहुतेक वेळा दाखल होतानाच्या काउंटरवर, पहिल्या तासाभरात.

रात्री छातीत दुखायला लागलेला माणूस आणलेला असतो. नातेवाइकांनी रेशन कार्ड पुढे केलं की उत्तर ठरलेलं: "आरोग्यमित्र (रुग्णालयातला योजनेचा माणूस) सकाळी येईल, तोवर डिपॉझिट भरा, नंतर बघू." पैसे भरले की रुग्ण 'कॅश पेशंट' म्हणून नोंदला जातो. सकाळी तोच काउंटर सांगतो, की आता तुम्ही कॅशमध्ये आलात, योजनेत घेता येत नाही. प्रत्यक्षात तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून तात्पुरती मंजुरी घेण्याची सोय योजनेतच आहे. कागद मागाहून दिले तरी चालतात.

दरम्यान दाखल करण्याच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात एक कागद सरकवलेला असतो. छापील, बारीक अक्षरात, कधी फक्त इंग्रजीत. त्यात मजकूर एवढाच: "मला योजनेची माहिती देण्यात आली असून मी स्वखुशीने लाभ नाकारत आहे." घाबरलेला मुलगा सहा ठिकाणी सह्या करतो, त्यांच्या ओघात ही सातवी. पुढे तक्रार केली की रुग्णालय हाच कागद पुढे करतं, आणि तक्रारीचं वजन निम्मं होतं. वाचायला वेळ नसेल तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने "योजनेखालीच उपचार हवेत" असं लिहा, वर तारीख आणि वेळ टाका, आणि मोबाइलवर फोटो काढा.

दुसरी तऱ्हा जास्त हुशारीची आहे. इथे रुग्णाची योजनेत रीतसर नोंदणी होते, मंजुरीही येते, पण पैसे 'वरचे' म्हणून घेतले जातात. स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी) चांगला हवा असेल तर एवढे, बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांचे एवढे, रक्ताच्या तपासणीचे वेगळे. पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, डॉक्टरांची फी, भूल, औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि रुग्णाचं जेवण हे सगळं धरलेलं असतं. घरी जायचं एक वेळचं भाडंसुद्धा. स्टेंटच्या किमतीवर तर फेब्रुवारी 2017 पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. या 'वरच्या' पैशांची पक्की पावती कधीच मिळत नाही. मिळते ती लेटरहेड नसलेली चिठ्ठी, नाहीतर समोरच्या मेडिकलचं बिल. म्हणून पैसे द्यावेच लागले तर रोख नको. यूपीआयने रुग्णालयाच्याच खात्यावर द्या. रोखीचाच आग्रह धरला, तर त्यातच काय ते समजा.

डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाचा फोटो काढतात आणि एका अभिप्रायपत्रावर सही घेतात. त्यावर "माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतली नाही" असं वाक्य असतं. पैसे घेऊनही ही सही मागतात, कारण त्याशिवाय क्लेमची, म्हणजे योजनेकडून पैसे मागण्याची, फाइल पुरी होत नाही. म्हणजे रुग्णालय रुग्णाकडूनही घेतं आणि योजनेकडूनही. या ओळीखाली दिलेली रक्कम लिहूनच सही करा. कोरा फॉर्म तर मुळीच नको.

"मंजुरी आली नाही" हे वाक्यही तपासून घ्यावं. बरेचदा मंजुरी नाकारलेली नसते. मंजुरी देणाऱ्यांनी एखादा रिपोर्ट किंवा अँजिओग्राफीची सीडी मागवलेली असते आणि रुग्णालयाने ती पाठवलेलीच नसते. आरोग्यमित्राकडून नोंदणी क्रमांक घ्या आणि 155388 किंवा 1800 233 2200 वर स्वतः विचारा. क्रमांकच देत नसतील, तर नोंदणी झालेलीच नाही असं धरून चाला.

हेही खरं, की पैसे मागितले म्हणजे प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं नाही. ओपीडीची तपासणी योजनेत बसत नाही. यादीत नसलेली शस्त्रक्रिया बसत नाही, आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. रुग्णालयांचं गाऱ्हाणंही खोटं नाही: दर कमी, पैसे उशिरा. पण दर परवडत नसतील तर पॅनल सोडायचा मार्ग त्यांना मोकळा आहे. बाहेर योजनेचा फलक लावायचा आणि आत रोख घ्यायची, हे कसं चालेल?

उलट दिशेनेही फसवतात. नोव्हेंबर 2024 मध्ये गुजरातच्या कडी तालुक्यातल्या बोरिसणा गावात मोफत शिबिर झालं. तिथून 19 जणांना अहमदाबादच्या खासगी रुग्णालयात नेलं, सात जणांची अँजिओप्लास्टी केली, त्यातले दोघे दगावले. उद्देश आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेचे पैसे उकळण्याचा होता, असा आरोप झाला. शिबिरात कोणी कार्ड आणि अंगठा मागितला आणि लगेच गाडीत बसवायला लागला, तर आधी दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवा.

आयुष्मान कार्ड काढायला पैसे लागत नाहीत. बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर किंवा आयुष्मान अ‍ॅपवर आधारच्या ओटीपीने ते घरीच निघतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) उघडू नका. उघडली गेली असेल तर आधी बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच द्या, एजंटचा नको. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात आयुष्मानचे 9999999999 या एकाच नंबरवर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी नोंदलेले सापडले होते. तुमच्या नावावर कोणी उपचार दाखवले, तर त्याचा संदेश यायचा तो नोंदवलेल्या नंबरवरच.

पैसे गेलेच असतील तर रुग्णालयाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा. आयुष्मानसाठी 14555 आहे. सोबत जोडा: रेशन कार्ड, डिस्चार्ज कार्ड, नोंदणी क्रमांक, यूपीआयचा स्क्रीनशॉट, मेडिकलची बिलं आणि त्या कच्च्या चिठ्ठ्यासुद्धा. तक्रार सिद्ध झाली तर रक्कम परत करायला लावून वर दंड करता येतो, वारंवार झालं तर पॅनलवरून काढताही येतं. नाकारण्याच्या कागदावर सही झालेली असली, तरी कोणत्या वेळी आणि काय सांगून ती घेतली हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा.