साडेसहाशेची टेम्परेचरवाली सोल्डर गन: गन ठेवा, सोबतचं सामान टाकून द्या

पुण्यात तापकीर गल्लीतून दिवाळीच्या आधी घेतली, ६० वॅटची, हँडलवर २०० ते ४५० डिग्रीचं चाक असतं ना ती. ब्रँड असा काही नाही, हीच गन चार वेगवेगळ्या नावांनी मिळते. साडेसहाशेत अख्खं किट, गन, पाच बिट (गनची बदलायची टोकं), स्टँड, स्पंज, डिसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर ओढून काढायला), पेस्टची डबी आणि नळीत थोडी सोल्डर वायर, म्हणजे वितळवून पार्ट जोडायची तार. पाच महिने वापरून लिहितोय कारण पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता, आणि त्यात अर्धी चूक माझीच निघाली असती.

गन तापते मस्त. आधीची माझी २५ वॅटची साधी गन लावून चहा पिऊन यायचो, ही दीडेक मिनिटात तयार, सिरॅमिक हीटर आहे आत. फक्त पाडू नका, हा हीटर खडूसारखा तुटतो म्हणे दुकानदार, आणि पडली तर हवेत झेलू तर अजिबात नका, माझ्या तळहातावर अजून खूण आहे.

आता किटातली वायर. नळीवर कथील किती, शिसं किती, काही लिहिलेलं नाही. नीट वितळेचना, वितळली तरी गोळा होऊन बिटालाच चिकटायची, बोर्डावरच्या तांब्याच्या पॅडवर जायला तयारच नाही. मला वाटलं उष्णता कमी पडतेय, मी चाक फिरवत फिरवत थेट ४५० ला नेलं. झालं, वायरच्या आतला फ्लक्स, म्हणजे जोड बसावा म्हणून धातू साफ करणारा पदार्थ, काही करायच्या आधीच जळून जायचा, सगळीकडे काळं काळं, आणि झिरो पीसीबीवर (भोकांच्या तयार बोर्डवर) एलएम ३८६ या चिपचा छोटा अॅम्प्लिफायर करत होतो त्याचे दोन पॅडच उखडले. तिळाएवढी तांब्याची टिकली बिटाला चिकटून वर आली तेव्हा पोटात धस्स झालं. मग ६०/४० ची, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असलेली, चांगली वायर आणली, ०.८ मिमीची. ती १८३ ते १९० डिग्रीच्या मधे वितळते, त्यामुळे चाक ३३० वर ठेवलं तरी भरपूर झालं. बिट पॅड आणि पार्टचा पाय दोघांना एकदम टेकवायचा, एक सेकंद थांबायचं आणि वायर बिटाला नाही, जॉइंटला लावायची. तीच गन, तोच हात, आणि जॉइंट चकाचक.

तरी एक ड्राय सोल्डर, म्हणजे वरून जोडलेला दिसणारा पण नीट न धरलेला जॉइंट, राहिलंच. स्पीकर चालू, टेबलाला धक्का लागला की खरखर. पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेका जॉइंटला टकटक करत गेलो, आऊटपुटच्या २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरपाशी खरखर पकडली. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तर पायाभोवती केसाएवढी गोल भेग. जुन्या वायरच्या वेळचा जॉइंट होता तो. थोडी नवी वायर देऊन परत तापवला, खरखर बंद.

बिटाबद्दल. टोकदारवाला दिसायला भारी पण उष्णता पोचवत नाही, छिन्नीसारखा चपटा लावा. आणि काळा पडला म्हणून पॉलिशपेपरने घासू नका, मी घासला. बिट आतून तांब्याचा असतो आणि वर लोखंडाचा थर, तो थर गेला की सोल्डरमधलं कथील आतलं तांबं खात सुटतं, माझ्या बिटाला आठवड्यात दाढेसारखा खड्डा पडला. काम झालं की टोकाला सोल्डरचा थर देऊन मगच बंद करायची. आजीच्या वाड्यात कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापडाने कथील फिरवायचा, हे अगदी तेच काम, फक्त पातेलं तांदळाएवढं.

पेस्टची डबी उघडल्यावर नाकात झिणझिण्या येतात. ती लावलेले जॉइंट पंधरा दिवसांत हिरवे पडले, डबी गेली कचऱ्यात.

गनच्या खऱ्या तक्रारी तीन. एक, चाक नेमकं बोटं टेकतात तिथेच, काम करता करता आपोआप ३३० चे ४०० होतात, मी त्यावर टेप मारलीय. दोन, वायर साधी आणि कडक, स्टँड वजनाला हलका, त्यामुळे वायर गनसकट स्टँड ओढते आणि एकदा बिट स्वतःच्याच वायरवर टेकला, वरचं प्लास्टिक वितळलं, आतली तार दिसायच्या आत ओढली म्हणून वाचलो. तीन, प्लग टू पिन, अर्थिंगच नाही. बिट आणि अर्थच्या मधे मल्टिमीटर लावला तर ९० व्होल्टच्या आसपास दाखवतो, करंट नगण्य असेल पण मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वगैरे नाजूक पार्ट असेल तर मी गन तापवून प्लग काढतो आणि मग टेकवतो.

गनला चार स्टार, किटला दीड. पंपाची स्प्रिंग तिसऱ्या दिवशी ढिली पडली, ते सांगायला दुकानात गेलो तर माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, पंप तर फ्रीच होता की."